बर्फाच्या पेटीचे वय : सातारा-सांगलीतील एका विस्मृत वस्तूचा कालनिर्णय

बर्फाची पेटी म्हणजे विजेवर चालणारे शीतकपाट घरोघरी येण्यापूर्वी वापरात असलेली, दुहेरी भिंतींची, आतून धातूच्या पत्र्याने मढवलेली आणि वितळलेले पाणी बाहेर सोडणारी नळी असलेली लाकडी पेटी किंवा कपाट. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यांच्या मागच्या खोल्यांत आणि जुन्या लाकडी सामानाच्या दुकानांत अशी एखादी पेटी निघते, तेव्हा ती ‘दीडशे वर्षांपूर्वीची’ आहे किंवा थेट ‘पेशवेकाळातली’ आहे असे बेधडक सांगितले जाते. पहिल्या दाव्याला पुरावा मागावा लागतो. दुसरा तर विचारात घेण्याच्याही योग्यतेचा नाही. कारण अशी पेटी बर्फाच्या नियमित पुरवठ्याशिवाय निरुपयोगी असते, आणि या भागात बर्फ केव्हा व कोणत्या वाटेने पोहोचू शकत होता हे कळले की पेटीच्या वयाची अर्धी चौकशी लाकडाला हात लावण्यापूर्वीच संपते. पाश्चात्त्य देशांतील जाणकार लाकूड, सांधे आणि खिळे पाहून वय सांगतात; ती पद्धत येथे जशीच्या तशी लावली तर हमखास चूक होते.

बर्फ येण्यापूर्वी थंडाव्याची गरज नव्हती असे मात्र नाही. राजेरजवाड्यांच्या पदरी आबदारखाना, म्हणजे पिण्याच्या पाण्याची व्यवस्था पाहणारे खाते, असे. माठ, सुरई, वाळ्याचे पडदे आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली भांडी ही सर्वसाधारण साधने होती. पाण्यात सोरा विरघळवला की ते पाणी थंड होते, आणि त्यात पिण्याच्या पाण्याची बाटली फिरवून ती गार करण्याची रीत अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदवली आहे. उत्तर हिंदुस्थानात हिवाळ्यातील कोरड्या, निरभ्र रात्री उथळ मातीच्या थाळ्यांत पाणी ठेवून त्यावर जमणारा पातळ बर्फ पहाटे गोळा केला जाई व खड्ड्यांत साठवला जाई. अलाहाबादेकडील या कृतीचे वर्णन रॉबर्ट बार्कर याने 1775 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात केले. सह्याद्रीच्या माथ्यावर ही कृती मोठ्या प्रमाणावर साधण्याजोगी नव्हती. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ आणि लिंगमळ्याच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, गवतावर व गाड्यांच्या टपांवर हिमकण दिसतात आणि त्याची बातमीही दरवर्षी छापून येते. परंतु तो थर ऊन चढताच नाहीसा होतो, तो उन्हाळ्यापर्यंत टिकवून पेटीत भरण्याची कल्पना व्यवहारात बसत नाही.

साठवण्याजोगा बर्फ पश्चिम किनाऱ्यावर आला तो समुद्रामार्गे. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने 1833 मध्ये ‘टस्कनी’ या जहाजातून सुमारे 180 टन बर्फ कलकत्त्याला रवाना केला आणि सुमारे चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला निम्म्याहून अधिक भाग शाबूत पोहोचला. पुढच्याच वर्षी मुंबईत अमेरिकन बर्फ उतरला. जमशेटजी जीजीभाई यांच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले गेले आणि ते खाऊन यजमान व पाहुणे दोघांनाही सर्दी झाली, ही हकिकत मुंबईच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. 1840 च्या दशकात मुंबईत बर्फ साठवण्यासाठी स्वतंत्र बर्फघर उभे राहिले. हा सारा व्यापार एका साध्या नियमावर चालला होता: बर्फाचा साठा जितका मोठा, तितके त्याच्या वजनाच्या मानाने बाहेरील पृष्ठफळ कमी, आणि म्हणून वितळण्याचा वेगही कमी. जहाजाच्या पोटात भुशात पुरलेले शेकडो टन चार महिने टिकले, तरी बैलगाडीवर गोणपाटात बांधलेले चार-सहा मण चार दिवसही टिकणार नाहीत, हे त्यातूनच उघड होते.

साताऱ्याच्या दृष्टीने निर्णायक ठरतो तो हाच हिशोब. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 1829 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा खंडाळा गावाच्या बदल्यात मिळवली आणि तेथे माल्कम पेठ वसली. उन्हाळ्यात मुंबई सरकारचा सारा लवाजमा तेथे मुक्कामाला येऊ लागल्यामुळे बर्फाला गिऱ्हाईक होते, पण बर्फाला वाट नव्हती. समुद्रमार्गे बाणकोटच्या खाडीतून महाडपर्यंत आणि तेथून घाट चढून वर, किंवा बोरघाट ओलांडून पुण्यामार्गे पसरणीच्या घाटाने, असे दोनच रस्ते होते, आणि दोन्हींवर माल अनेकदा उतरवावा-चढवावा लागे. बोरघाटातील लोहमार्ग 1863 मध्ये खुला झाला, तरी पुण्यापासून पुढचे सुमारे 75 मैल गाडीरस्त्याचेच राहिले. पुण्याहून दक्षिणेकडे जाणारा सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग 1880 च्या दशकाच्या उत्तरार्धात वाठार, सातारा रोड, कराड या बाजूने मिरजेपर्यंत पोहोचला, तेव्हा महाबळेश्वरसाठी बैलगाडीचा व टांग्याचा प्रवास वाठार स्थानकापासूनच्या सुमारे 40 मैलांवर आला आणि मिरजेसारख्या गावाला तर बर्फ थेट रेल्वेच्या डब्यातून मिळण्याची सोय झाली. याच सुमारास दुसराही बदल घडत होता. युरोपात अमोनिया वायू दाबून व पुन्हा प्रसरण पावू देऊन बर्फ तयार करणारी यंत्रे 1870 च्या दशकात व्यापारी उपयोगाची झाली, हिंदुस्थानातील मोठ्या शहरांत बर्फाचे कारखाने निघाले, आणि 1880 च्या आसपास अमेरिकन बर्फाचा व्यापार आटोपला. म्हणजे बर्फ बंदरापुरता बांधलेला न राहता रेल्वे जेथे जाईल तेथे जाऊ शकला.

यावरून एक खालची मर्यादा ठरते. या दोन जिल्ह्यांत वापरण्यासाठीच आणलेली बर्फाची पेटी 1885 पूर्वीची असणे फारच दुर्मिळ मानले पाहिजे. ती त्याहून जुनी असेल तर ती मुंबई-पुण्यातील एखाद्या घरातून नंतर आली, असेच आधी गृहीत धरावे. वरची मर्यादाही अशीच बाहेरच्या घटनांनी ठरते. गोदरेजने 1958 मध्ये विजेची शीतकपाटे भारतात तयार करण्यास आरंभ केला, 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि साताऱ्याच्याच पाटण तालुक्यातील कोयनेची वीज 1960 च्या दशकात खेळू लागली. त्यानंतर घरगुती वापराची नवी लाकडी बर्फपेटी करवून घेण्याचे कारण उरले नाही, मात्र सोडावॉटर व सरबताची दुकाने, लग्नकार्ये आणि घाटाखालून येणारी मासळी यांसाठी साध्या पेट्या आणखी बरीच वर्षे होत राहिल्या. बाजारात ‘अँटिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पेट्यांपैकी बऱ्याच प्रत्यक्षात याच शेवटच्या वर्गातल्या निघतात.

कालनिर्णयापूर्वी ओळख पटली पाहिजे, कारण तीन-चार वेगळ्याच वस्तू बर्फपेटी म्हणून खपवल्या जातात. दुभत्याचे किंवा जाळीचे कपाट हे त्यांपैकी सर्वांत सर्वसामान्य होय: त्याला उंच पाय असतात, मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात आणि दारांना हवा खेळती राहावी म्हणून तारेची जाळी असते. बर्फपेटीचे काम याच्या नेमके उलट, हवा अडवण्याचे असल्याने जाळी असलेले कपाट बर्फपेटी असू शकत नाही. आतून जस्ताचा पत्रा मारलेल्या पेट्या कपडे व कागदपत्रे वाळवीपासून आणि दमटपणापासून वाचवण्यासाठीही होत. त्यांना पाणी जाण्याचे भोक नसते आणि भिंतीही एकेरी असतात. आइस्क्रीमचा संचा, म्हणजे बर्फ व खडे मीठ भरलेल्या लाकडी बादलीत हाताने फिरवायचे धातूचे भांडे, याला भोक असते, पण ते वरच्या बाजूला, कारण खारे पाणी ठरावीक पातळीपर्यंत राहू द्यायचे असते. बर्फपेटीचे भोक तळाशी असते, त्याला शिशाची, पितळेची किंवा जस्ताची नळी जोडलेली असते, आणि चांगल्या पेटीत ती नळी खाली वाकवलेली किंवा पाण्यात बुडालेली असते, जेणेकरून पाणी बाहेर जाते पण बाहेरची गरम हवा आत शिरत नाही. दाराची जाडी दोन ते चार इंच, चौकटीवर बसणारी उतरती कड, आणि दार ओढून घट्ट आवळणारी पितळी कडी या आणखी काही खुणा होत. आतल्या जागेत बर्फाचा कप्पा वर आणि अन्नाचा खाली असेल तर ती उभी, कपाटासारखी पेटी होय. थंड हवा जड असल्याने खाली उतरते आणि गरम हवा वर जाऊन पुन्हा बर्फाला लागते, या तत्त्वावर तिची रचना असते. झाकण वरून उघडणारी संदुकीसारखी पेटी रचनेने अधिक जुनी आहे, पण तीच सर्वांत स्वस्त व सोपी असल्यामुळे येथील सुतार ती अगदी 1960 नंतरही करत राहिले. आकारावरून वय सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

लाकडाच्या बाबतीतही असाच सावधपणा हवा. अमेरिकेत तयार झालेल्या पेट्या बहुधा ओक किंवा अ‍ॅश या लाकडांच्या असतात, आणि ओकच्या उभ्या कापलेल्या फळीवर रेषांना आडवे जाणारे चकचकीत पट्टे दिसतात. अशी पेटी आयात केलेली असावी, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. सागवानी पेटी येथेच किंवा मुंबईत घडलेली असण्याचा संभव अधिक. परंतु सागवानावरून दशक सांगता येत नाही. पाश्चात्त्य मार्गदर्शनपर पुस्तकांत हातकरवतीच्या ओबडधोबड समांतर रेषा दिसल्या की वस्तू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीची आणि गोलाकार करवतीचे चाप दिसले की नंतरची, असा ठोकताळा असतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत मात्र दोघांनी वर-खाली ओढायच्या मोठ्या करवतीने ओंडके फाडण्याचे काम विसाव्या शतकातही चालू होते. हाताने मारलेला रंधा, खाच आणि कुसू यांचे सांधे, बांबूच्या खुंट्या या गोष्टी येथे गतकाळाची नव्हे, तर सुताराच्या नेहमीच्या कामाची साक्ष देतात. जुन्या लाकडाचा पुनर्वापर ही तर आणखी मोठी फसगत: पडलेल्या वाड्याची तुळई फाडून केलेल्या पेटीचे लाकूड दोनशे वर्षांचे आणि पेटी साठ वर्षांची, असे सहज होऊ शकते.

त्यामानाने लोखंडी सामान अधिक खरे बोलते, कारण ते कारखान्यातून येई. टोकदार लाकडी स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर सर्वत्र पसरले, म्हणून बोथट टोकाचा आणि खाच मध्यापासून सरकलेला स्क्रू सापडल्यास तो भाग बारकाईने पाहावा. गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चौकोनी कापीव खिळ्यांची जागा घेऊ लागले. अधिक चिन्हासारखी खाच असलेल्या स्क्रूचे पेटंट 1930 च्या दशकातले आहे, तेव्हा असा स्क्रू मूळ जागी दिसला तर पेटी त्यापूर्वीची नाही. मात्र तो बिजागरीच्या एकाच भोकात असेल आणि शेजारी जुने भोक लाकडाच्या काडीने बुजवलेले असेल, तर तो दुरुस्तीचा पुरावा आहे. बिजागरी काढून तिच्याखालच्या लाकडाचा रंग पाहिला की हा प्रश्न बहुतेक वेळा मिटतो: बिजागरी मूळची असेल तर तिच्याखाली तिच्याच आकाराचा फिकट, रोगण न लागलेला चौकोन असतो, आणि नंतर बदललेली असेल तर त्या चौकोनाभोवती दुसऱ्याच मापाची पुसट कड दिसते.

सर्वांत अधिक माहिती पेटीच्या पोटात असते, आणि विकणारे नेमके तेच साफ करून टाकतात. अस्तराचा जस्ती पत्रा निळसर करडा, मऊ आणि पांढुरकी भुकटी सोडणारा असतो व त्याचे कोपरे कथिल-शिशाच्या झाळीने जोडलेले असतात. लोखंडावर जस्त चढवलेल्या पत्र्यावर फुलांसारखे चट्टे दिसतात आणि कापलेल्या कडेला तांबेरा धरतो. पांढरे मुलामा दिलेले पत्रे व दुधी काचेचे अस्तर हे नंतरच्या, महागड्या आणि बहुधा परदेशी पेट्यांचे लक्षण आहे. दोन भिंतींमधली भरण पाहायची असेल तर पेटी फोडण्याची गरज नसते. नळीच्या भोवतालची फट किंवा तळाची एखादी सैल फळी पुरते. कोळशाची पूड, लाकडाचा भुसा, भाताचा कोंडा आणि नमदा, म्हणजे दाबून बनवलेला लोकरीचा जाड थर, ही साधने जुनी असली तरी स्वस्त असल्याने उशिरापर्यंत वापरात राहिली. दाबून तयार केलेल्या बुचाच्या पाट्या 1890 च्या दशकापासून प्रचारात आल्या. काचतंतूंची लोकर 1930 च्या पुढची, आणि थर्माकोल मूळचा असेल तर पेटी स्वातंत्र्यानंतरची, यात शंका नाही. पांढरी तंतुमय पूड भरलेली आढळली तर ती अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. ती हाताने उकरू नये.

आतापर्यंतच्या खुणा कोठेही लागू पडतील. सातारा-सांगलीचे खरे वैशिष्ट्य आहे ते लेखी खुणांत, कारण या भागाची राजकीय नावे इतक्या वेळा बदलली की एक पितळी पट्टी किंवा रंगाने लिहिलेले अक्षर पुष्कळ काम करते. औंध, फलटण, जत, सांगली, मिरजेची थोरली व धाकटी पाती अशी संस्थाने येथे ब्रिटिश सातारा जिल्ह्याच्या अधूनमधून पसरली होती आणि ती 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. तेव्हा संस्थानाचा शिक्का किंवा नाव असलेली वस्तू त्या तारखेच्या आधीची. 1949 मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली ठेवले गेले. म्हणून ‘द. सातारा’ अशी अक्षरे असलेली पेटी जेमतेम अकरा वर्षांच्या कालखंडात बंदिस्त होते. इतका नेमका पुरावा क्वचितच मिळतो. मिरज हे जंक्शन असल्यामुळे रेल्वेच्या उपाहारगृहांतील व विश्रामगृहांतील सामान लिलावातून गावात येणे स्वाभाविक होते. सदर्न मराठा रेल्वे 1908 मध्ये मद्रास रेल्वेशी जोडली जाऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली आणि 1951 मध्ये ती दक्षिण रेल्वेत विलीन झाली; त्यामुळे ‘एस. एम. आर.’, ‘एम. अँड एस. एम. आर.’ आणि ‘एस. आर.’ ही आद्याक्षरे तीन वेगळे कालखंड दाखवतात. सार्वजनिक संस्थांच्या पेट्यांवर नोंदवहीतील क्रमांक रंगवलेला असतो. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये उभारलेल्या मिशन रुग्णालयासारख्या ठिकाणी बर्फाचा उपयोग चैनीसाठी नव्हे, तर तापाच्या रुग्णासाठी व औषधांसाठी होता, आणि अशा पेटीचा क्रमांक संस्थेच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहणे शक्य असते.

परदेशी किंवा मुंबईच्या दुकानाच्या पट्टीवर आणखी काही पाहावे. पेटंटची तारीख ही पेटीची जन्मतारीख नव्हे. तीच तारीख असलेली पट्टी कारखाने वर्षानुवर्षे लावत, म्हणून ती फक्त ‘याच्या आधीची नाही’ एवढेच सांगते. 1889 च्या व्यापारी चिन्हांच्या कायद्यानंतर परदेशी मालावर मूळ देशाचे नाव दिसू लागले. मुंबईत 1891 मध्ये उघडलेल्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्ससारख्या दुकानाची पट्टी त्या वर्षानंतरचीच. पत्त्यात सहा आकडी पिन क्रमांक असेल तर पट्टी 15 ऑगस्ट 1972 नंतरची. आणि बर्फाच्या कप्प्याची क्षमता रतलात, म्हणजे पौंडात, किंवा मणात दिली असेल तर ती दशमान वजने रूढ होण्याच्या, म्हणजे साधारण 1960 च्या, पूर्वीची. किलोत दिली असेल तर नंतरची. बर्फाची लादी विकणाऱ्याकडे पूर्वी रतलाचा भाव चाले, हे या भागातील वयस्कर माणसांना आजही आठवते.

हवामान पेटीवर स्वतःची छाप सोडते आणि तीही कधी कधी दिशाभूल करते. महाबळेश्वरला पावसाळ्यात दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. बंगले गवताच्या झडी बांधून महिनोन्‌महिने बंद राहत, त्यामुळे तेथील पेटीचे लाकूड फुगलेले, खिळ्यांभोवती काळे डाग पडलेले आणि जस्ताचे अस्तर टोचल्यासारखे खड्डेदार असते. सांगली-तासगावच्या कोरड्या उन्हाळ्यात तीच सागवानी फळी आकसून सांध्यांत फटी पडतात. दोन्ही प्रकारची झीज दिसली तर पेटीने घर बदलले, असा तर्क करता येतो. सांगलीत मात्र पेटीच्या खालच्या भागावर आडवी, गाळाने भरलेली रेष दिसली तर ती प्राचीनतेची खूण समजू नये. कृष्णेच्या 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनी नव्या-जुन्या सर्व सामानावर अशा रेषा उमटवल्या, आणि पुरात आठवडाभर भिजलेली चाळीस वर्षांची पेटी शंभर वर्षांची वाटू लागते.

कायद्याच्या दृष्टीनेही या चौकशीला अर्थ आहे. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू किमान शंभर वर्षे जुनी असेल तरच ती पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. या दोन जिल्ह्यांतील बहुसंख्य बर्फपेट्या 1920 ते 1960 या काळातल्या ठरतात, म्हणजे त्यांतल्या थोड्याच आज त्या रेषेच्या पलीकडे आहेत आणि उरलेल्या दरवर्षी तिच्याजवळ सरकत आहेत. ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांनी तिला पॉलिश करण्यापूर्वी, अस्तर उचकटून तिचे पुस्तकांचे कपाट करण्यापूर्वी, तिच्या पाठीची, तळाची, नळीची आणि प्रत्येक पट्टीची छायाचित्रे घ्यावीत, ती कोणाच्या घरातून कोणत्या साली आली हे घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावे, आणि तो कागद पेटीच्या आतच चिकटवून ठेवावा.